वाट पाहणारे चेहरे

लाल पट्टीच्या डब्या कुणी उघडायच्या नाहीत, हा बाबांच्या डार्करूमचा नियम होता. लाल पट्टी म्हणजे वाया गेलेली फिल्म. बाबा होते तोवर तो नियम सगळ्यांनी पाळला. ते गेल्यावर त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी सहज विचारलं की वाया गेलेल्या रोलवरही कधी कधी एखादी फ्रेम शाबूत असते, बघू का? धाकट्यानं पिशवीभर डब्या त्यांच्या हातात दिल्या. नाहीतरी कचऱ्यातच जायच्यात, म्हणाला. ताईला ते खटकलं होतं, पण त्या दिवसांत तिला सगळंच खटकत होतं. बाबांची चप्पल कुणी सरकवली तरी खटकत होतं. त्यामुळे ती काही बोलली नाही.

आज दुपारी बाई न कळवता आल्या. एरवी बडबड्या बाई, पण आज पाण्याचा पेला हातात धरून बसल्या आणि खोलीत कोण कोण आहे ते आधी बघून घेतलं. आई खिडकीपाशी. धाकटा वकिली कोट खुर्चीच्या पाठीला लावून नुकताच बसलेला. काका मागे मोरीत डार्करूमचे ट्रे धूत होते, त्याचा आवाज येत होता. ते इतक्यात येणार नाहीत अशी खात्री झाल्यावर बाईंनी पाकिटातून एक मोठा कागद काढून टेबलावर ठेवला. अख्ख्या रोलच्या नखाएवढ्या फ्रेम एकाच कागदावर ओळीनं छापलेल्या होत्या.

"हे लाल पट्टीच्या डबीत होतं," त्या म्हणाल्या. "एकही फ्रेम खराब नाही."

धाकट्यानं कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि आईकडे पाहिलं.

"आई, मोठे साहेब आहेत."

घरात हे दोन शब्द फार वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. मोठे साहेब म्हणजे ज्यांच्या नावानं आता रस्ते आणि शाळा आहेत ते पुढारी. त्यांचा फोटो काढायला बाबा वर्तमानपत्रातर्फे गेले आणि फिल्मला उजेड लागला म्हणून रिकाम्या हातांनी परत आले. संपादकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. त्यानंतर बाबांनी कोपऱ्यावर दुकान टाकून ओळखपत्रांचे फोटो काढले, आईनं शिवणयंत्र घेतलं, आणि ताईनं वर्गात पुढे जाऊन हात पुढे करायची वेळ आली की पोट दुखतंय असं सांगायला सुरुवात केली, कारण बाहीला ठिगळ होतं. या सगळ्याला कोण जबाबदार, याबद्दल घरात वाद नव्हता. कॅमेऱ्यात रोल भरायचं आणि काढायचं काम काकांचं होतं.

आईनं काकांना घराबाहेर काढलं नाही. मागची खोली त्यांची होती ती त्यांचीच राहिली. दोन्ही वेळा ताट वाढलं जायचं, ताटात काही कमी नसायचं. फक्त 'अजून हवंय का' हे आईनं त्यांना कधी विचारलं नाही. ताईला हे लग्न होऊन सासरी गेल्यावर कळलं. तिथं सगळे एकमेकांना तेच विचारत होते.

बाई आता खुलल्या. शेवटच्या ओळीतली एक फ्रेम त्यांनी बोटानं दाखवली. मोठ्या साहेबांचे डोळे मिटलेले, हनुवटी पुढे, ओठ मुरडलेले. असा मोकळा, असा खळखळून हसणारा चेहरा त्यांचा कुणीच पाहिलेला नाही, बाई म्हणाल्या. त्यांचे सगळे फोटो दगडात कोरल्यासारखे. हा भिंतीच्या मध्यभागी लावू, पुरुषभर उंच. छापायला उद्या सकाळी द्यायचा, तेव्हा संध्याकाळपर्यंत होकार कळवा. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माहितीच्या फलकावर 'सहायकाच्या चुकीमुळे फिल्म वाया गेली' असं लिहिलं होतं. ते आता बदलावं लागेल. ती वाया गेली नव्हती. कुणीतरी ती लपवली होती."

त्या गेल्या. दार लागलं. मोरीत ट्रेवर ट्रे ठेवल्याचा आवाज आला.

धाकट्यानं सुरुवात केली. कोर्टात करतो तशीच, हळू आणि सुसंगत. डब्यांना पट्ट्या कोण लावायचं? काका. डार्करूमची किल्ली कुणाकडे असायची? काकांकडे. फलकाचा मजकूर गेल्या आठवड्यात त्यांना वाचायला दिला तेव्हा ते काय बोलले? काहीच नाही, घडी घालून परत दिला. ज्या माणसाच्या नावावर खोटं लिहिलंय तो गप्प बसेल का? आणि खरं असेल, तर ही फिल्म कुठून आली?

"तुझं म्हणणं काय आहे?" ताईनं विचारलं.

"माझं म्हणणं एवढंच की बाबांचं नाव झालं ते कुणालातरी बघवलं नसेल. मोठ्या भावामागे पिशव्या उचलत फिरायचं, सोपं नसतं ते."

"तू तुझ्या अनुभवावरून बोलतोयस का?"

"मी तुझ्या पिशव्या कधी उचलल्या?"

"म्हणून तर विचारते."

आई हसली नाही. ती खिडकीबाहेर बघत होती. "मला त्या माणसाचा राग होता," ती म्हणाली, "पण वेंधळा म्हणून. चोर म्हणून नव्हता." नंतर जरा थांबून, "म्हणजे मी इतकी वर्षं रागसुद्धा कमीच केला."

ताईनं टेबलाच्या खणातून बाबांचं भिंग काढलं. ते हातात घेतलं की अंगठा आपोआप पितळी कडेवरच्या झिजलेल्या जागी बसायचा. ती जागा बाबांच्या अंगठ्यानं झिजवलेली होती. तिनं कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि पहिल्या फ्रेमपासून बघायला घेतलं. बाबा तसंच शिकवायचे. चांगली फ्रेम शोधायची नाही, आधी पहिली बघायची.

पहिल्या ओळीत मोठे साहेब खुर्चीत बसतात, सदरा सारखा करतात, चेहरा लावतात. चेहरा लावणे हा बाबांचा शब्द. नाव झालेला माणूस कॅमेऱ्यासमोर आला की आधी चेहरा लावतो, तो उतरेपर्यंत थांबायचं. दुसऱ्या ओळीत साहेबांची नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे जाते. भुवया उचलतात. तिसऱ्या ओळीत ओठांच्या एका कोपऱ्यात काहीतरी येतं. आणि मग ती फ्रेम, बाईंच्या मते खळखळून हसण्याची.

ताईनं भिंग तसंच धरून ठेवलं. हे हसणं नव्हतं. हा चेहरा तिनं लहानपणी गल्लीत पाहिला होता. काका दुकानातून येताना दिसले की पोरं भिंतीवर बसून हाच चेहरा करायची: डोळे घट्ट मिटायचे, हनुवटी झटका देऊन पुढे काढायची, ओठ मुरडायचे. काकांचा शब्द अडला की त्यांचा चेहरा असा व्हायचा.

तिनं फ्रेमचा उरलेला भाग बघितला. साहेबांच्या मागे पुस्तकांचं कपाट, त्याला काचेची दारं. काचेत खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं. खिडकी, कॅमेऱ्यामागे वाकलेले बाबा, आणि त्यांच्या डाव्या हाताला एक किडकिडीत तरुण. डोळे मिटलेले, हनुवटी पुढे. एकाच फ्रेममध्ये तोच चेहरा दोनदा होता. एक खरा, एक नक्कल केलेला.

त्यापुढच्या फ्रेम कोऱ्या होत्या. ताईनं मुद्दाम पुन्हा पाहिलं. रोल अर्धवट सोडणं बाबांना माहीत नव्हतं. दुकानात शेवटचे एक-दोन फोटो उरले तर ते समोरच्या झाडाचे काढायचे, पण रोल संपवायचे. इथं मात्र त्यांनी कॅमेरा खाली ठेवला होता.

"आई," ती म्हणाली, "इकडे ये. साहेबांकडे बघू नकोस. मागच्या काचेत बघ."

आईला भिंग जुळवायला वेळ लागला. "हे तर आपले..." ती म्हणाली आणि थांबली. "हे आत काय करतायत? हे बाहेर पिशव्यांपाशी बसायचे ना?"

"मुलाखतीतला प्रश्न विचारतायत."

"भावजी?" आईनं भिंग खाली घेतलं. "साहेबांना? त्यांना कोण विचारायला सांगणार?"

ताई आतल्या खोलीत गेली आणि प्रदर्शनासाठी निवडलेले फोटो घेऊन आली. पलंगावर तिनं ते शेजारी शेजारी मांडले. हे चेहरे घरातल्यांना इतके पाठ होते की कुणी ते बघत नसे. न्यायमूर्ती, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं कोर्ट गप्प व्हायचं. फोटोत त्यांच्या भुवया अशा उचलल्यात, जणू नातू कविता म्हणतोय आणि पुढची ओळ त्याला आठवत नाहीये. गायिकाबाई, ओठ किंचित विलग, सूर हरवलेल्याला सूर देऊ की नको अशा. तो पहिलवान, त्याचे हात प्रथमच काय करावं हे न कळून मांडीवर पडलेले. आणि गणिती, ज्याच्या डोळ्यांत त्या क्षणी एकही आकडा नाही. लोकांनी या फोटोंवर काय काय लिहिलं. कुणी म्हणालं आत्म्याचा तळ दिसतो, कुणी म्हणालं एकांत. सगळ्यांची नजर मात्र कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे होती, आणि आई हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी बोलून गेली होती. त्या बाजूला कोण उभं असतं, असं तिनं विचारलं, बाबा हसले, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रातल्या एका मुलाखत घेणाऱ्या बाईबद्दल आईच्या मनात जे बसलं ते कधी निघालं नाही.

"हे सगळे कुणाकडे बघतायत ते तू बाबांना आयुष्यभर विचारत होतीस," ताई म्हणाली. "हे कुणाकडे बघत नाहीयेत. वाट बघतायत. समोरच्याचा शब्द बाहेर यायची."

धाकटा उठून पलंगाशी आला. एकेका फोटोवर वाकून बघताना त्याच्यातला वकील कमी कमी होत गेला. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे बाबा काकांना यासाठी न्यायचे?" त्याच्या आवाजातला संशय गेला नव्हता, पण संशयानं जागा बदलली होती. ताईला हे उमगलं, कारण तिचंही तेच झालं होतं. आतापर्यंत आरोपी मागच्या मोरीत होता. आता तो भिंतीवर होता, हार घातलेल्या चौकटीत, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

काका हात पुसत दारात आले. पलंगावरचे फोटो पाहिले, मग टेबलावरचा कागद. ते टेबलाशी गेले. त्यांना भिंग लागलं नाही.

"म-मला वाटलं," ते म्हणाले, आणि पुढचं यायला वेळ लागला, "दादानं जाळली."

धाकट्यानं आणि ताईनं एकदमच विचारायला सुरुवात केली. आईनं किटली उचलली, सगळ्यांना चहा ओतला, काकांपुढेही कप सरकवला, आणि म्हणाली, त्यांना सांगू दे.

काकांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला. मधे मधे धाकटा त्यांचा शब्द सवयीनं पुरा करायचा, तो चुकायचा, काका मान हलवून पुन्हा सुरू करायचे. सुरुवात न्यायमूर्तींपासून झाली. मुलाखत घेणारी बाई त्या दिवशी आजारी पडली म्हणून पहिला प्रश्न काकांनी विचारायचा असं ठरलं. शब्द अडला. न्यायमूर्ती पुढे झुकले आणि थांबले. संध्याकाळी ट्रेमध्ये तो चेहरा वर येताना दोघांनी पाहिला.  मग बाबा म्हणाले, छोट्या, आजपासून पहिला प्रश्न तुझा.

"तुम्हाला राग नाही आला?" ताईनं विचारलं.

आला, काका म्हणाले. पुष्कळ दिवस आला. आपलं व्यंग दाखवून भाऊ आपलं नाव करतोय असं वाटायचं. रोज ठरवायचे की उद्या जायचं नाही. पण मग ते चेहरे यायला लागले. काकांनी गायिकाबाईंचा फोटो हातात घेतला. "घरात असं कोण थांबायचं?" ते म्हणाले. हे वाक्य त्यांना न अडता आलं.

मोठ्या साहेबांनी नक्कल केली तेव्हा खोलीतले सगळे हसले, सचिव, शिपाई, सगळे. बाबांनी एकदा बटण दाबलं आणि कॅमेऱ्यावर झाकण लावलं. जिन्यात म्हणाले, फिल्मला उजेड लागला. काका म्हणाले, तू दुसरी एखादी फ्रेम दे, सुरुवातीची दे, कुणाला काय कळणार आहे. बाबा म्हणाले, मला कळेल ना.

"मग घरी का नाही सांगितलंत?" धाकट्यानं विचारलं. "बाबांनी तरी का नाही सांगितलं?"

सांगणार होता, काका म्हणाले. त्यानं ऑफिसात चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. घरी वहिनींचा विश्वास बसला नाही. त्याच्या हातून असं व्हायचं नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं, शब्द अडला. काकांनी आईकडे पाहिलं नाही. "वहिनी म्हणाल्या, कळलं."

आईनं कप खाली ठेवला.

"रात्री दादा म्हणाला, मी सांगतो. मीच नको म्हटलं. ते सांगायचं तर मग..." शब्द अडला. धाकट्याचं तोंड उघडलेलं होतं, ते त्यानं मिटलं. "तर मग साहेबांनी काय केलं ते पण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा वेंधळा बरा."

ताईला बाबांबद्दल काय वाटतंय ते तिला ठरवता येईना. जो माणूस भावाची नक्कल छापायला नकार देऊन नोकरी घालवतो, तोच त्याआधी रोज सकाळी त्या भावाला मोठ्या माणसांसमोर उभं करत होता, आणि नंतर त्याच्यावरचा ठपका आयुष्यभर बघत राहिला. आणि फिल्म त्यानं छापली नाही, पण जाळलीही नाही. धुऊन, सुकवून, गुंडाळून, लाल पट्टी लावून ठेवली. का, हे विचारायला आता कुणी नव्हतं. त्यांचं भिंग तिच्या हातात होतं, एवढंच.

धाकट्यानं घसा साफ केला. बाईंना काय कळवायचं, असं त्यानं विचारलं. त्याच्या मते आता तर फोटो लावायलाच हवा. खाली खरी हकिकत लिहायची. साहेब कसे होते ते लोकांना कळू दे, काकांवरचा ठपका जाऊ दे. ताईला निम्मं पटलं. तिला ती भिंत दिसत होती, पुरुषभर उंच तो मुरडलेला चेहरा, आणि मागे काचेत काका. लोक आधी साहेबांकडे बघतील. मग काचेत बघतील. मग पुन्हा साहेबांकडे, आणि एखादं पोरगं तिथंच, फोटोसमोर, तसा चेहरा करून बघेल.

"आपण कोण ठरवणार," आई म्हणाली. ती काकांकडे वळली. "भावजी, तुम्ही सांगा."

काकांनी मान वर केली. डोळे मिटले, हनुवटी पुढे आली. शब्द कुठेतरी वर यायला निघाला आणि वाटेत थांबला.

"लावा म्हणतायत," धाकटा म्हणाला.

आईनं त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. बाईंचाच असणार. कुणी उठलं नाही. आई जरा पुढे झुकली होती. तिच्या भुवया किंचित उचललेल्या, ओठ विलग, आणि शिवणावरही क्षणभर स्थिर न राहणारी तिची नजर काकांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. ताईनं पलंगावरच्या न्यायमूर्तींकडे पाहिलं आणि परत आईकडे. बाबा असते तर त्यांचा हात कॅमेऱ्याकडे गेला असता, हे तिला इतकं स्पष्ट जाणवलं की तिनं भिंग घट्ट धरलं. फोन वाजून वाजून थांबला.

"नको," काका म्हणाले. मग पुन्हा वेळ लागला. "भिंतीवर थांबलेलेच असू देत."

धाकट्यानं मान डोलावली. कागदाची घडी घालायला गेला आणि घडी न घालता तो पालथा ठेवला. फलकावरचं वाक्य काढायला सांगतो, म्हणाला. ताई म्हणाली, काढायचं नाही, बदलायचं. पहिला प्रश्न कोण विचारायचं ते लिहायचं. काकांनी यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि रिकामा कप नेहमीसारखा स्वतःच उचलून मोरीकडे न्यायला निघाले.

"भावजी," आईनं किटली उचलली. "अजून हवाय का?"

काका वळले. कप हातात होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्द अडला.

आई किटली तशीच धरून थांबली.